भाजीच्या वाफ्यातील हिशेब

१

मेहकरहून सुलतानपूर मागे टाकून जालन्याच्या दिशेने जाणाऱ्या जुन्या नागपूर–मुंबई रस्त्यावर, लोणार तालुक्याच्या हद्दीत, बीबी हे गाव लागते. ज्या मुलखात ते वसले आहे तो मुलूख इतिहासाला आणि भूशास्त्राला सारखाच परिचित आहे. एका अंगाला उल्कापाताने काळ्या बेसॉल्ट खडकात खोदलेले, सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे लोणारचे विवर आहे, दुसऱ्या अंगाला जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेडराजा आहे, आणि रस्ता तसाच पुढे धरला तर बियाण्यांच्या उद्योगाने देशभर नाव झालेले जालना लागते. मोगल अमदानीत मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे, म्हणजे महसुली विभागाचे, ठाणे होते. पुढे निजामाचा अंमल आला, १८५३ नंतर इंग्रजांचा आला, आणि प्रत्येक राजवटीने या जमिनीची पैमाईश करून तिचे उत्पन्न आपापल्या दप्तरात उतरवून घेतले.

त्या दप्तराच्या आजच्या वारसाने, म्हणजे सातबाऱ्यावरील पिकांच्या नोंदीने, या परिसराची ओळख सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा आणि गहू अशी करून दिली आहे, आणि ती खरीच आहे. परंतु विहिरीच्या किंवा शेततळ्याच्या पाण्याच्या आश्रयाने, मोठ्या पिकांच्या कडेला दहा-वीस गुंठ्यांत वांगी, भेंडी, मिरची, टोमॅटो, मेथी, कोथिंबीर असे जे काही पिकते, त्याचे महत्त्व त्याच्या क्षेत्रफळावरून कळत नाही. सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि बहुधा येण्यापूर्वीच कर्जाच्या खाती जमा झालेला असतो. भाजीचा पैसा आठवड्याच्या बाजाराला हातात पडतो, आणि किराणा, शाळेची फी, दवाखाना, गाडीभाडे हे सारे त्यावर चालते. कुटुंबाचा रोजचा श्वास ज्या पिकावर अवलंबून आहे त्या पिकात धोका पत्करणे कोणालाही जड जाते. असे असूनही हाच भाजीवाला शेतकरी, अनेक ठिकाणी, रासायनिक औषधांचा हात आखडता घेऊ लागला आहे. तो असे का करतो, या प्रश्नाचे उत्तर आपण शहरात बसून फार सोपे करून ठेवले आहे.

कोणी म्हणतो, सेंद्रिय मालाला भाव अधिक मिळतो म्हणून. कोणी म्हणतो, एखाद्या प्रचारकाच्या शिबिराने त्याचे मतपरिवर्तन झाले म्हणून. दोन्ही कारणे काही ठिकाणी खरी आहेत, पण ती पहिली नव्हेत. वऱ्हाडातील अडतीवर आणि आठवडी बाजारांत औषध मारलेले वांगे आणि न मारलेले वांगे एकाच ढिगात पडते व एकाच भावाने जाते. आणि व्याख्यान ऐकून शेतकरी टाळ्या वाजवत असला तरी वाफा मोडताना तो वक्त्याची आठवण काढीत नाही. माझ्या मते या बदलाची मुळे तीन ठिकाणी आहेत: शेतकऱ्याच्या जमाखर्चात, त्याच्या व त्याच्या घरच्यांच्या शरीरात, आणि बांधापलीकडच्या शेजाऱ्याच्या शेतात. ही तिन्ही ठिकाणे नीट पाहिल्यावाचून या विषयावर केलेला कोणताही उपदेश अथवा काढलेले कोणतेही परिपत्रक फोलच ठरणार.

२

प्रथम, विष भाजीत आले कसे, ते पाहू. धान्याचे पीक एकदा पेरले की एकदाच कापले जाते, आणि फवारणी व काढणी यांच्यामध्ये पुष्कळदा आठवड्यांचे अंतर पडते. भाजीचे तसे नाही. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर ती जून होऊन कोणी घेत नाही. वांग्याचा तोडा चार-पाच दिवसांनी येतो. आणि बाजाराचा दिवस शेतकऱ्यासाठी थांबत नाही. औषधाच्या डब्यावर, फवारल्यापासून किती दिवस पीक तोडू नये, हे छापलेले असते. पण तो काळ जेव्हा दोन तोड्यांमधील अंतरापेक्षा मोठा असतो तेव्हा शेतकऱ्यापुढे दोनच मार्ग उरतात, तोडा वाया घालवणे किंवा ती सूचना विसरणे. यात त्याची दुष्टबुद्धी शोधणे हा अन्याय आहे. पिकाचा स्वभाव आणि औषधाचा स्वभाव यांचा मुळातच मेळ नाही, आणि त्या विसंगतीचे ओझे सर्वांत दुबळ्या माणसाच्या खांद्यावर टाकून आपण मोकळे झालो आहोत.

वांग्याचेच उदाहरण घ्यावे. शेंडे व फळे पोखरणारी अळी एकदा फळाच्या आत शिरली की वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून ती आत शिरण्यापूर्वीच मारावी या हिशेबाने फवारण्या वाढतात. फवारण्या वाढल्या की ढालकिडे, क्रायसोपा, कोळी या मित्रकिडींचा फडशा पडतो. मित्रकिडी गेल्या की तुडतुडे आणि पांढरी माशी यांना रान मोकळे होते. आणि जी अळी औषधातून वाचते तिची संतती त्या औषधाला दाद देईनाशी होते. मग औषध बदलते, मात्रा वाढते, दोन औषधे एका पंपात मिसळली जातात, आणि खर्चाचा आकडा चढत जातो. याच अळीवर उपाय म्हणून बीबीपासून फार दूर नसलेल्या जालन्याच्या माहिको कंपनीने बीटी वांगे विकसित केले. त्यावरून देशभर वाद झाला, नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. त्या वादाची बाजू कोणतीही घ्या, एक गोष्ट त्यात दोन्ही पक्षांनी कबूल केली होती: वांग्यावर आज जेवढे विष पडते तेवढे पडता कामा नये.

कायद्याला हे ठाऊक नव्हते असे नाही. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन या कीटकनाशकाचा संसर्ग झालेले अन्न पोटात जाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली, आणि त्या दुर्घटनेच्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा जन्मास आला. त्याखालील नियमांनी डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा असे विषाच्या तीव्रतेचे त्रिकोण आले. मोनोक्रोटोफॉसला २००५ मध्ये भाजीपाल्यावर मनाई झाली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली. कागदावर तजवीज पुष्कळ झाली. परंतु मनाईचा हुकूम दिल्लीच्या राजपत्रात असतो आणि औषधाचा सल्ला तालुक्याच्या दुकानाच्या फळीवर मिळतो. शेतकरी कीड लागलेला शेंडा खिशात घालून दुकानात जातो, उधारीवर माल देणारा माणूसच त्याला रोगनिदान करून देतो, आणि ज्याचा नफा विक्रीवर आहे त्याच्याकडून कमी विकण्याचा सल्ला मिळण्याची अपेक्षा कोणी करू नये.

३

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात जे घडले त्याने साऱ्या विदर्भाची झोप उडवली. कापसाचे पीक त्या वर्षी पुरुषभर वाढले होते, फवारणारा त्या पिकात बुडून जात होता, मिश्र औषधांची वाफ नाकातोंडात जात होती, आणि पाहता पाहता शेकडो शेतकरी व शेतमजूर रुग्णालयांत दाखल होऊन त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे मृत्यू पावली. सरकारने विशेष तपास पथक नेमले, काही औषधांची विक्री तात्पुरती थांबवली. ते पीक कापसाचे होते, भाजीचे नव्हते. पण पंप तोच, औषधे बव्हंशी तीच आणि पाठही तीच. ज्या घरातील तरुण कापसाची फवारणी करून डोळ्यांपुढे अंधारी येऊन बांधावर बसला, त्या घराने भाजीच्या वाफ्याकडे पूर्वीच्या नजरेने पाहिले नसेल तर नवल नाही.

शरीराची ही साक्ष स्त्रिया अधिक स्पष्टपणे देतात, कारण तोडणी त्यांच्याकडे असते. भेंडीच्या लवेने खाजणारे हात फवारलेल्या पिकात अधिक चुरचुरतात, त्याच हातांनी लेकराला घास भरवायचा असतो, आणि संध्याकाळी तीच भाजी चुलीवर चढवायची असते. म्हणूनच महाराष्ट्रात जेथे जेथे भाजी पिकते तेथे एक रिवाज न सांगता पडलेला आढळतो: बाजारचा वाफा वेगळा आणि घरची ओळ वेगळी. घरासाठीच्या दोन ओळींवर औषध मारायचे नाही, वाटल्यास चुलीची राख टाकायची, किडके वाटेल तेवढे निघो. या दोन ओळींकडे काही लोक शेतकऱ्याचा दुटप्पीपणा म्हणून बोट दाखवतात. मला त्यात त्याच्या बदलाचे बीज दिसते. विष टाळून भाजी येऊ शकते हा प्रयोग तो अगोदरच करीत आहे. त्याला तेवढाच प्रयोग बाजाराच्या वाफ्यापर्यंत नेण्याचे बळ हवे आहे, आणि ते बळ देण्याचे काम आपले आहे.

४

आता जमाखर्चाकडे वळू. कोरडवाहू मुलखातील लहान शेतकऱ्याला खर्चाची रक्कम जितकी बोचते त्याहून तिची वेळ अधिक बोचते. खत आणि औषध यांचा पैसा पीक उभे राहण्यापूर्वी, रोख अथवा उधारीने, द्यावा लागतो. भाव मात्र पीक निघाल्यावर, दुसऱ्याच्या मर्जीने ठरतो. टोमॅटोचा कॅरेट ज्या दिवशी वाहतुकीचा खर्चही देत नाही त्या दिवशी कोणत्याही पद्धतीने शेती करणारा बुडतो. पण ज्याने औषधाच्या उधारीवर पीक उभे केले तो अधिक खोल बुडतो आणि ज्याचा खर्च घरच्या शेणात, निंबोळीत आणि स्वतःच्या कष्टात पडला होता तो पुढच्या हंगामाला उभा राहू शकतो. म्हणून खर्च कमी करणे ही त्याच्या दृष्टीने नफ्यापेक्षाही संरक्षणाची गोष्ट आहे. सेंद्रिय शेतीचे पुरस्कर्ते उत्पन्नाच्या आकड्यांवर वाद घालतात तेव्हा हा मुद्दा पुष्कळदा त्यांच्या हातून निसटतो.

मातीचाही एक जमाखर्च आहे, आणि तो पिढ्यांचा आहे. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली गेलेली जमीन कृषिशास्त्र निकृष्ट मानते, आणि विदर्भातील काळ्या जमिनींच्या मोठ्या भागाची गत तीच आहे. कर्ब गेला की जमीन पाणी धरीत नाही, पाऊस जोराचा आला की वाहून जातो आणि ओढ दिली की भेगा पडतात. खताची गोणी तीच टाकली तरी पीक पूर्वीसारखे उत्तर देत नाही. यामागील एक कारण गोठ्यात शोधावे लागते. ट्रॅक्टर आला, बैलजोडी गेली. चराऊ रान आटले, गाय विकली गेली. आणि ज्या उकिरड्यातून वर्षाला गाड्याच्या गाड्या शेणखत निघे तो उकिरडाच ओस पडला. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगररानातील पालापाचोळ्याचे सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर शेतांत कसे येई आणि ते कसे आटले याचे विवेचन केले आहे. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी या निदानातील मर्म शाबूत आहे.

५

मातीला सत्त्व परत देण्याची विद्या बाहेरून आणावी लागेल अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी. १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने पालापाचोळा, शेण आणि माती यांच्यापासून शास्त्रशुद्ध खत करण्याची जी रीत बसवली ती ‘इंदूर पद्धती’ या नावाने जगभर गेली, आणि आधुनिक सेंद्रिय शेतीचा पाया तिच्यावर रचला गेला. तिचे विवरण करणारा १९३१ चा ग्रंथ हॉवर्डने एकट्याने लिहिलेला नाही. यशवंत वाड हे त्याचे सहलेखक होते. हॉवर्डने हिंदी शेतकऱ्यांना आणि पिकांवरील किडींनाही आपले गुरू मानले होते. कीड ही शत्रू नसून जमिनीत अथवा पिकात काहीतरी बिघडल्याची वर्दी आहे, हा त्याचा विचार आजही नवाच वाटतो.

त्यानंतर महाराष्ट्रात या विचाराच्या निरनिराळ्या शाखा फुटल्या. श्रीपाद दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून सामान्य शेतकऱ्याला प्रयोगशाळेच्या दाराबाहेर न ठेवता स्वतःच शास्त्रज्ञ होण्यास शिकवले, आणि दहा गुंठ्यांवर कुटुंब नीट जगू शकते याचे गणित मांडले, भाजीच्या वाफ्याला त्यांचा विचार जितका लागू पडतो तितका क्वचितच दुसऱ्या कशाला लागू पडेल. अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी नैसर्गिक शेतीचा देशभर प्रसार केला, आणि २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ व बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालून केलेले जीवामृत त्यांच्या नावाशी जोडलेले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील सुभाष शर्मा यांनी आरंभीची वर्षे रासायनिक शेती केली, खर्च चढताना आणि जमीन थकताना पाहिली, मार्ग बदलला, आणि २०२५ मध्ये तेही पद्मश्रीचे मानकरी झाले. या पंथांत परस्परांचे मतभेद आहेत, त्यांचे सर्वच दावे शास्त्राच्या कसोटीला उतरले आहेत असेही नाही; पण शेतकऱ्याची नजर दुकानाच्या फळीवरून काढून स्वतःच्या शेताकडे वळवण्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

प्रत्यक्ष वाफ्यात उतरणारे उपाय मात्र पंथांच्या पलीकडचे आणि बहुतेक विद्यापीठांनाही मान्य असलेले आहेत. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवून, गाळून, थोड्या साबणासह शंभर लिटर द्रावण केले की पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क तयार होतो. तो किडीला लगेच मारीत नाही, तिची भूक आणि वाढ मोडतो. वांग्यात कामगंध सापळे लावून नर पतंग पकडणे आणि पोखरलेले शेंडे वरचेवर खुडून नष्ट करणे, टोमॅटोच्या कडेने झेंडू लावून अळीला तिकडे ओढून घेणे, पांढऱ्या माशीसाठी पिवळे व फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे टांगणे, रोपांच्या मरीवर ट्रायकोडर्मा वापरणे, शेताभोवती मक्याची दाट ओळ उभी करणे, हे सारे स्वस्त आहे. पण त्याला रोजची नजर आणि हात लागतात. बाटलीत जे विकत मिळत होते ते आता लक्ष देऊन कमवावे लागते, आणि म्हणूनच हा मार्ग मोठ्या क्षेत्रापेक्षा दहा-वीस गुंठ्यांच्या वाफ्यात आधी रुजतो.

तो रुजतो कसा, याविषयी परमुलखातील एक जुना अभ्यास बोधप्रद आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात मक्याचे संकरित बियाणे शेतकऱ्यांनी का स्वीकारले याचा शोध रायन आणि ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी घेतला, व १९४३ मध्ये तो प्रसिद्ध केला. बियाण्याची पहिली वार्ता बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली होती. पण ते पेरण्याचा निश्चय त्यांनी शेजाऱ्याचे पीक पाहून केला होता. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात हेच दिसले. त्या वेळच्या खम्मम जिल्ह्यातील पुनुकुला या गावाने कीटकनाशकांशी काडीमोड घेतला, आणि पुढे हा विचार महिलांच्या बचतगटांच्या हाती जाऊन गावोगाव पसरला. बीबीसारख्या ठिकाणी एका शेतकऱ्याच्या वांग्याला तीन फवारण्या कमी लागल्या आणि माल तरी तेवढाच निघाला, हे बांधावरून दिसणारे प्रमाणपत्र कोणत्याही छापील प्रमाणपत्राहून लवकर वाचले जाते.

६

या वाटेवरील अडचणी मी झाकून ठेवणार नाही. रसायने एकदम सोडली तर पहिले दोन-तीन हंगाम उत्पन्न बहुधा घटते, कारण जमिनीतील जीवसृष्टीला आणि मित्रकिडींना परतायला वेळ लागतो. आणि नेमक्या याच काळात माल सेंद्रिय म्हणून विकताही येत नाही. पावसाळी टोमॅटोवर करपा उतरला की जैविक उपाय पुष्कळदा हात टेकतात. शेजाऱ्याचे औषध वाऱ्याबरोबर येते. जैविक म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात भेसळ असते. गाय नसलेल्या घराने जीवामृत कशाचे करावे, हा प्रश्न शिबिरात विचारला जात नाही पण घरी गेल्यावर सुचतो. शिवाय हा पट्टा बियाण्यांचाही आहे. सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा या तालुक्यांत शेडनेटखाली भाज्यांच्या संकरित बियाण्याचे उत्पादन चालते, तेथे कंपनीचा करार आणि मालाच्या शुद्धतेची अट असते, आणि शेतकऱ्याच्या स्वेच्छेला वाव कमी उरतो.

म्हणूनच सक्तीचा मार्ग घातक आहे. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, भात आणि चहा दोन्ही कोसळले, आणि काही महिन्यांतच तो हुकूम मागे घ्यावा लागला. शेतकरी स्वतः याहून शहाणपणाने वागतो: तो आधी सर्वांत जहाल औषध सोडतो, मग फवारण्यांची संख्या घटवतो, मग एका वाफ्यात पूर्ण सेंद्रिय करून पाहतो. या पायरीपायरीच्या प्रवासाला अर्धवटपणा म्हणून हिणवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की वांग्यावरील दहा फवारण्यांच्या चार झाल्या तर खाणाऱ्याच्या, तोडणारीच्या आणि मातीच्या वाट्याचे विष निम्म्याहून अधिक घटले. हा लाभ शुद्धतेच्या आग्रहापायी गमावणे योग्य नव्हे.

७

सरकारी योजनांचा आधार आता नाही असे म्हणता येणार नाही. २०१५ मध्ये सुरू झालेली परंपरागत कृषी विकास योजना गटाने शेती करणाऱ्यांना तीन वर्षे साह्य देते. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे जैविक शेती मिशन २०१८ मध्ये, अकोला मुख्यालय ठेवून, बुलढाण्यासह विदर्भातील आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी स्थापन झाले आणि पुढे त्याची व्याप्ती वाढली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने २,४८१ कोटी रुपयांच्या नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठीच्या सहभाग हमी पद्धतीत किमान पाच शेतकरी एकत्र येऊन एकमेकांच्या शेताची पाहणी करतात आणि एकमेकांची हमी घेतात. शेजारीच परीक्षक आणि शेजारीच जामीन, ही रचना आपल्या गावगाड्याच्या स्वभावाला धरून आहे. पण योजना निविष्ठांपाशी थांबतात, आणि शेतकऱ्याची खरी अडचण निविष्ठांच्या पुढे, संक्रमणाच्या तोट्यात आणि बाजाराच्या ढिगात आहे.

तो तोटा आज शेतकरी एकटा सोसतो. हे न्याय्य नाही. विष कमी झाल्याचा लाभ भाजी खाणाऱ्या प्रत्येकाला मिळतो, विहिरीच्या पाण्याला मिळतो, लोणारच्या विवराकडे उतरणाऱ्या ओहोळांना मिळतो. मग त्याची किंमत दहा गुंठ्यांच्या धन्याने एकट्याने का चुकवावी? बाजार समितीने विषमुक्त मालासाठी स्वतंत्र ओटा आणि अवशेष तपासण्याची सोय द्यावी. आश्रमशाळा, वसतिगृहे, अंगणवाड्या आणि शासकीय रुग्णालये यांची भाजी परिसरातील अशा गटांकडून, आगाऊ ठरवलेल्या दराने, घेतली जावी. कृषी सहायकाच्या कामाची मोजणी वाटलेल्या डब्यांनी न होता कमी झालेल्या फवारण्यांनी व्हावी, आणि पीकविम्याने संक्रमणाच्या वर्षांतील घट जोखमीत धरावी. यांपैकी एकाही गोष्टीला नवी विद्या लागत नाही. लागते ती इच्छा आणि हिशेबाची प्रामाणिक मांडणी.

आणि जे आपण शहरांत राहतो, त्यांच्याकडेही एक काम आहे. डाग नसलेले, चकाकणारे, एका मापाचे वांगे मागणारा ग्राहक हा त्या फवारणीचा अदृश्य मालक असतो, कारण अळीचे एक छिद्र दिसताच माल परत फिरवणारी अडत अखेर आपल्याच आवडीनिवडीचा हुकूम बजावीत असते. बीबीच्या शेतकऱ्याने घरच्या दोन ओळींवर औषध न मारता जे सिद्ध केले आहे ते बाजारापर्यंत पोहोचावे असे आपल्याला मनापासून वाटत असेल, तर थोडे डागाळलेले फळ आनंदाने पिशवीत घ्यावे, त्याला दोन पैसे अधिक द्यावेत, आणि ते पिकवणारा गट पुढच्या हंगामालाही टिकून राहील एवढी नियमित मागणी ठेवावी. शेतकऱ्याने आपल्या वाट्याचा धोका पत्करला आहे. उरलेला वाटा उचलणे हे आपले कर्तव्य आहे.